रेघा नसलेला अंगठा

“पायाचा चालेल का ओ सर?” म्हेत्रेनं विचारलं आणि आम्ही तिघंही हसलो.

शनिवारची दुपार होती. विभागाचं दार आतून कडी लावून घेतलेलं. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर स्टेपलर, चष्म्याचं घर, अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा, असं हाताला लागेल ते ठेवलं होतं. टेबलावर अडतीस संमतिपत्रं होती आणि मधोमध जांभळ्या शाईचं पॅड. माझी दहा बोटं वापरून झाली होती, म्हेत्रेची दहा वापरून झाली होती. अजून अठरा कागद अंगठ्याविना पडले होते.

“एकच बोट दोनदा नको,” रणसुभे सर म्हणाले. “कोणी भिंग लावून बघणार नाही, पण नको. पायाचा चालेल की. का नाही चालणार?”

सर आमचे विभागप्रमुख. स्वतःची बोटं त्यांनी पॅडच्या आसपासही आणली नव्हती. ते फक्त एकेक कागद पुढे सरकवत होते, आणि कागद सुटा करायला दर वेळी बोट जिभेला लावत होते. अडतीस वेळा ती जीभ मी पाहिली. अजूनही कुणी पानं उलटताना बोट चाटलं की मी तोंड फिरवते.

म्हेत्रे आमचा लॅब टेक्निशियन. त्यानं बूट काढले, मोजे काढले. मोज्यांचा वास खोलीभर झाला. मी चप्पल काढली. कागद फरशीवर ठेवला, वाकून डाव्या पायाच्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर पाय दिला. कागदाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, ही लहानपणापासूनची सवय. माझा हात आपोआप खाली गेला, कागदाला लागला आणि डोळ्यांपर्यंत आला. ते बघून म्हेत्रे खो खो हसला.

“मॅडम, नमस्कार कुणाला? सरस्वतीला का सरांना?”

सरही हसले. मीही हसले. ते हसू मला पुसता येत नाही म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

तिसऱ्या की चौथ्या कागदावरचं नाव सरांनी मोठ्यानं वाचलं. “राजव्वा नरसय्या गुंडेटी. वय एक्केचाळीस.”

“ही माझ्या चांगल्या ओळखीची आहे,” मी म्हणाले.

“मग तर बरंच,” सर म्हणाले. “द्या पाय.”

मी दिला. उजव्या पायाचा अंगठा. अगदी स्वच्छ उठला, एकेक रेघ मोजून घ्यावी असा.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची, सोलापुरातली. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मी पंचवीस वर्षांची होते, समाजकार्याची पदवी घेऊन बार्शीहून आले होते आणि या विभागात क्षेत्र-अन्वेषक होते. नाव भारदस्त, काम म्हणजे घरोघर फिरणं. एका नव्या गोळीचा अभ्यास चालला होता, अंगातलं रक्त वाढवणाऱ्या. त्यासाठी विड्या वळणाऱ्या दोनशे चौदा बायका घेतल्या होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कुणाला कुठली, ते सहा महिने कुणालाच कळायचं नव्हतं. यात वाईट काही नाही, औषधं अशीच तपासावी लागतात. पण त्याला नियम असतात, आणि ते मला तोंडपाठ होते. प्रत्येकीला तिच्या भाषेत सगळं सांगायचं. यात रिकामी गोळीही येऊ शकते, हे सांगायचं. नको वाटलं तर कधीही सोडून जा, हे सांगायचं. मग ती हो म्हणाली तर साक्षीदारासमोर सही किंवा अंगठा. आणि कुणाचं हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, तर तिला त्याच दिवशी अभ्यासातून काढून उपचाराला पाठवायचं.

प्रत्यक्षात आम्ही काय केलं? विडी कारखान्याच्या ब्रँचवर गेलो. तिथे बायका रोज वळलेल्या विड्या घेऊन रांगेत उभ्या असतात. चेकर टोपलीतल्या विड्या बघतो, नापसंत असतील त्या छाट म्हणून बाजूला काढतो. त्या चेकरलाच सरांनी सांगून ठेवलं होतं. तो रांगेकडे बघून ओरडला, “कॉलेजची माणसं आलीत, सगळ्यांनी रक्त द्यायचं आणि गोळ्या न्यायच्या!” ज्याच्या हातात आपली दिवसाची मेहनत, त्याला नाही कोण म्हणणार? बायकांनी निमूट हात पुढे केले. ज्यांना सही येत होती त्यांनी सही केली. बाकीच्यांचे बरेचसे अंगठे घेतले. अडतीस जणींचे राहिले. सहा पानांचं संमतिपत्र, ते मराठीत, आणि बायका घरात तेलुगू बोलणाऱ्या. एकेकीला समजावून सांगायला अर्धा तास लागला असता. सर म्हणाले, नंतर भरू. ते नंतर पाच महिने आलं नाही. आणि मग पत्र आलं, की अशा अभ्यासांवर लक्ष ठेवणारी नीतिसमिती सोमवारी कागद तपासायला येणार.

“अजून दोन दिवस आहेत सर,” मी म्हणाले होते. “घरोघर जाऊन खरे अंगठे घेते.”

“आणि आता वाचून दाखवलंत तर निम्म्या निघून जातील. अभ्यास बुडाला मग. कडी लावा.”

कडी मीच लावली.

राजव्वाबद्दल सांगायला हवं. पूर्व भागात दोन खोल्यांत ती आणि तिची मुलगी पुष्पलता राहायच्या. नवरा चादरीच्या कारखान्यात होता, तो जाऊन सात वर्षं झाली होती. पुष्पलता बारावीला होती. दर महिन्याला मी आणि म्हेत्रे रक्त घ्यायला जायचो, तेव्हा राजव्वा मांडीवर सूप घेऊन दारातच बसलेली असायची. बोलताना बोटं थांबायची नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, वळलं, दोरा गुंडाळला, तोंड दुमडलं, टाकली. माझ्यासाठी चहा व्हायचा. एकदा मला ताप होता, तर तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, चिंचेचं सार आणि शेंगाचटणी. मी बार्शीहून एकटी येऊन खोली घेऊन राहते, हे तिला फार लागायचं.

बोट टोचताना तिचा हात मी धरायची. वीस-पंचवीस वर्षं पान वळून त्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, आणि अंगठ्यावर तर काही उरलंच नव्हतं, नदीतल्या गोट्यासारखा. माझ्या हातात दर महिन्याला तो हात असायचा. तरी शनिवारी शाई लावताना मला ते आठवलं नाही. म्हेत्रेला नाही, आणि सरांनी तर ते हात कधी पाहिलेच नव्हते.

दर महिन्याला ती एकच विचारायची. “ताई, माझं रक्त किती आलं?”

“अभ्यास संपल्यावर सगळ्यांना एकदमच सांगणार आहेत.”

“अभ्यास तुमचा, रक्त माझं. मग?”

मी हसून टाळायची. खरं म्हणजे न सांगण्याचा नियम कुठेच नव्हता, कुठली गोळी ते न सांगण्याचा होता. पण आकडा सांगितला तर बायका घाबरून सोडून जातील, असं सरांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या विभागात तोही नियम झाला होता.

सोमवारी समिती आली. समिती म्हणजे दोघं. एक वकील, देशमाने नावाचे, आणि एक बाहेरचे डॉक्टर. डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटं फायली चाळल्या आणि मग काजूच्या बशीत लक्ष घातलं. वकील मात्र चौकस निघाले. म्हणाले, “अंगठा दिलेली एखादी बाई बोलवा. मला तिच्याशी बोलायचंय.”

सर माझ्याकडे वळले. “तुमच्या ओळखीची ती कोण? गुंडेटी. तिला आणा. सांभाळून घेईल ती.”

मी रिक्षानं गेले आणि राजव्वाला घेऊन आले. ती नेसतं लुगडं बदलून आली, इस्त्रीचं. रिक्षात मला विचारत होती की साहेबांसमोर काय बोलायचं असतं. मी म्हणाले, विचारतील तेवढंच बोला. कागदाबद्दल चकार शब्द काढला नाही. काय सांगणार होते? तुमच्या नावापुढे माझा पाय आहे म्हणून?

विभाग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ती दोनदा थांबली. ओठ पांढरे पडले होते. मी तिची पिशवी घेतली, आणि मला वाटलं, आपण किती चांगल्या आहोत.

“बसा बाई,” वकील म्हणाले. “गोळ्या द्यायच्या आधी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं ना?”

राजव्वानं माझ्याकडे पाहिलं. “व्हय.”

“तुमच्या भाषेत?”

“व्हय साहेब.”

“हा अंगठा तुमचाच ना?”

त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती उठली, खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरून बघत राहिली. मग स्वतःचा अंगठा वर करून पाहिला. मग पुन्हा कागद. डॉक्टर काजू चावत होते, तो आवाज तेवढा येत होता. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला कळलंय. मी खाली बघितलं. खाली माझे पाय होते, चपलेतून बाहेर आलेला अंगठा, आणि नखाच्या कडेला राहिलेली जांभळी शाई. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

“माझाच हाय,” राजव्वा म्हणाली.

इथे सुटलो असतो. पण वकिलांना काम चोख करायचं होतं. “नोंदीसाठी अजून एक घेऊ या, शेजारी शेजारी. पॅड आहे ना?”

सरांचा चेहरा उतरला. म्हेत्रे दारातून गुपचूप निघून गेला. पॅड मीच पुढे केलं. राजव्वानं अंगठा शाईवर टेकवला आणि कोऱ्या कागदावर दाबला. जांभळा ठिपका उठला. नुसता गोल ठिपका, आत एकही रेघ नाही.

“नीट दाबा बाई.”

तिनं पुन्हा दाबला. पुन्हा ठिपका.

“जोर नका लावू. हलकेच.”

तिसरा ठिपका. त्याच्या शेजारी माझ्या पायाचा ठसा होता, वळणावळणाच्या सुबक रेघांचा. आंधळ्यालाही दिसलं असतं. देवा, आता यांना कळू दे, असंही वाटत होतं आणि कळू नको देऊ, असंही.

वकिलांनी दोन्ही कागद उचलले, चष्मा वर केला, खाली केला. राजव्वाचे ठिपके बघून त्यांनी नाक मुरडलं.

“हाताला घाम आलाय यांच्या. हे खराब झालंय, काढून टाका. आधीचा छान स्वच्छ आहे, तोच राहू दे.”

सरांनी राजव्वाच्या तीन ठिपक्यांचा कागद घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. वकिलांनी अहवालावर सही केली. त्यांच्यासाठी जेवण सांगितलेलं होतं. बाहेरच्या डॉक्टरांनी बशीतले उरलेले काजू मुठीत घेतले आणि उठले.

मी राजव्वाला सोडायला निघाले. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ती खाली बसली. श्वास लागला होता. थोड्या वेळानं हसायला लागली.

“आमच्या ब्रँचवर बी असंच करतात बग. चांगल्या विड्या छाटमध्ये टाकतात. आज माझा अंगठाच छाटमध्ये गेला की ओ.” मग हसू थांबलं. “माझ्या अंगठ्याला रेघा कुठं हायत? आमच्या गल्लीत एकीच्याबी न्हाईत. कुणाचा हाय तो?”

“माझा,” मी म्हणाले.

“चांगला हाय,” ती म्हणाली. “शिकल्याला अंगठा.”

पायाचा आहे हे मी सांगितलं नाही. तेवढी हिंमत मला आजपर्यंत झालेली नाही, इथे कागदावर लिहिलं तेवढंच.

तिनं माझा हात धरून खाली ओढलं, शेजारी बसवलं. आजवर ती मला तुम्ही म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाली.

“तुझी नोकरी जाऊ नये म्हणून मी खोटं बोलले. आता तू मला एक खरं सांग. माझं रक्त किती?”

“राजव्वा...”

“ऐकून घे. सिव्हिलची बाई म्हणाली, सातच्या खाली असलं तर लगेच भरती व्हायचं, रक्त चढवायचं, तीन दिवस लागतात. सातच्या वर असलं तर घरी राहून पालेभाजी खा, गूळ-शेंगा खा. तीन दिवस मी विड्या न्हाई दिल्या तर माझं पान-तंबाखू दुसरीला देतात. पुष्पाची परीक्षा हाय. उगाच जाऊन भागत न्हाई. तिथं तपासायला गेलं तरी रांगेत दिवस जातो, आणि तुम्ही तर दर महिन्याला काढताच की. म्हणून नेमकं सांग. सातच्या वर का खाली?”

त्या महिन्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता. पाच पूर्णांक आठ.

“उद्या सांगते,” मी म्हणाले. “सरांना विचारून.”

“विचार की,” ती म्हणाली आणि कठड्याला धरून उठली.

सर जेवून आले होते. दातात काडी होती. मी म्हणाले, “राजव्वा गुंडेटीचं पाच पूर्णांक आठ आलंय सर. नियमाप्रमाणे तिला बाहेर काढून पाठवायला हवं.”

“नियमाप्रमाणे अशा किती आहेत?”

“अकरा.”

“अकरा काढल्या तर आकडा पडतो. शेवटचं रक्त कधी घ्यायचंय?”

“अठ्ठावीसला.”

“म्हणजे वीस दिवस.” त्यांनी काडीचं टोक बघितलं. “या बायका अशाच असतात, ढोबळे मॅडम. वर्षानुवर्षं सहावर, साडेपाचावर जगतात. वीस दिवस नाही जगणार?”

“ती विचारतेय सर. तिला आकडा हवाय.”

“मग सांगा काहीतरी. नऊ सांगा. बरं वाटेल तिला.” ते बेसिनकडे गेले, चूळ भरली आणि तिथूनच म्हणाले, “तुमचं पीएच.डी.चं नाव पुढच्या महिन्यात घालायचंय ना? आठवण करा मला.”

धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. नुसती आठवण करा म्हणाले. आणि मला स्वतःची किळस आली, कारण त्या क्षणी राजव्वाच्या आधी माझ्या डोळ्यासमोर माझं नाव आलं, मागे डॉक्टर लावलेलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ती दारात सूप घेऊन बसली होती.

“नऊ,” मी म्हणाले.

बोटं थांबली. मी तिची बोटं थांबलेली पहिल्यांदा पाहिली. “नऊ? म्हणजे सातच्या वर की.”

“वर.”

“बग! आणि मी उगाच घाबरून बसले होते. तीन दिवस गेले असते.” तिनं आत हाक मारली, “पुष्पा, ताईला चहा टाक गं. नऊ हाय म्हणं!”

पुष्पलतानं चहा आणला. माझ्या आवडीचा, आलं घातलेला. मी तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

ती माझ्यासाठी एक खोटं बोलली होती. त्याच्या बदल्यात मी तिला हे दिलं.

अठरा दिवसांनी, शनिवारी सकाळी, पुष्पलता विभागात आली. कॉलेजचा गणवेश, केस न विंचरलेले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. मला वाटलं आईनं काही खाऊ पाठवला असेल.

“आई गेली ताई,” ती म्हणाली. “गुरुवारी. ब्रँचवर रांगेत उभी होती, तिथंच पडली. सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नव्हतं, हृदयावर ताण आला. चढवायच्या आधीच...”

तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

“यात गोळ्या आहेत. अकरा उरल्यात. रिकामी पाकिटं पण आहेत. आई म्हणायची, उरलेल्या परत द्यायच्या असतात, त्यांचा हिशेब लागतो. विसरायची नाही कधी.”

त्या अकरा गोळ्यांत काय होतं, ते पुढे कुणाला कुठली गोळी याचं कोड उघडल्यावर कळलं. काही नव्हतं.

पुष्पलता दारापर्यंत जाऊन वळली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती, खरंच समजून घ्यायला. “मी तिला म्हणत होते, सिव्हिलला जाऊ या, तुला दम लागतोय. ती म्हणायची, ताईनं नऊ सांगितलंय. ताई कशाला खोटं सांगेल? सोळा दिवसांत नवाचं एवढं कमी होतं का ओ ताई?”

“होतं कधी कधी,” मी म्हणाले.

ती बरं म्हणाली आणि गेली.

तो अभ्यास पुढे एका चांगल्या नियतकालिकात छापून आला. लेखकांत माझं नाव चौथं आहे. मला पीएच.डी. मिळाली. हल्ली मला कॉलेजं बोलावतात, माणसांवर संशोधन करताना पाळायची तत्त्वं शिकवायला. संमती म्हणजे काय, माघारीचा हक्क म्हणजे काय, फळ्यावर लिहून देते. मुलं वहीत उतरून घेतात. शेवटी शाल देतात, ती मी घेते. सरांचा सत्कार झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. छापलेल्या लेखात तिसऱ्या पानावर एक तक्ता आहे. सुरुवातीला सहभागी, दोनशे चौदा. स्थलांतर, सहा. स्वेच्छेने माघार, एक.

त्या एकीचा कागद कसा झाला तेवढं सांगायचं राहिलंय.

पुष्पलता गेल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. पिशवी माझ्या हातातच होती. सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, वाईट वाटलं असेल.

“गुरुवारी म्हणजे अभ्यासात असतानाच,” ते म्हणाले. “मृत्यू लिहिला तर चोवीस तासांत समितीला कळवावं लागेल. मग रक्ताचे सगळे कागद बघतील. त्या अकरा जणी सापडतील.” ते उठले आणि दाराला कडी लावली. “तिनं दहा तारखेलाच अभ्यास सोडला होता. स्वतःच्या मर्जीनं. तो हक्क असतोच त्यांना.”

त्यांनी खणातून माघारीचा कागद काढला. जिभेला बोट लावून सुटा केला. नाव घातलं, वय घातलं, मागची तारीख घातली. मग पॅडचं झाकण उघडून माझ्यापुढे सरकवलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. सर म्हणाले, “संमतिपत्रावर जो आहे तोच लागेल ना. जुळायला हवा.”

एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली, बाईमाणसाला संकोच नको म्हणून. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. कडी साधी होती, एका बोटानं निघणारी. मी गोळ्यांची पिशवी खुर्चीवर ठेवली. चप्पल काढली. कागद फरशीवर नीट ठेवला, शाई लावली आणि राजव्वाच्या नावापुढे पाय दिला.

ठसा स्वच्छ उठला. या वेळी नमस्काराला हात खाली गेला नाही.